गजकर्ण, खरूज आणि आपली लाज

(द्वितीय वर्ष, कला)

गजकर्ण, खरूज, इसब, शिबे, चिखल्या, नागीण, कोड. आपल्या वार्षिक अंकाच्या पानांवर हे शब्द सहसा येत नाहीत. कुणाला मधुमेह झाला तर तो चारचौघांत सांगतो. रक्तदाबाच्या गोळीला तर काही घरांतून प्रतिष्ठाच असते. पण ‘मला खरूज झाली आहे’ असे कुणी पाहुण्यांसमोर म्हटल्याचे आपल्यापैकी कुणाच्या ऐकिवात आहे काय? माणसांत जाती पाडून आपले समाधान झाले नाही म्हणून की काय, आपण रोगांतही जाती पाडल्या आणि कातडीच्या रोगांना गावकुसाबाहेर ठेवले.

हा विषय विज्ञान शाखेचा, तू कशाला त्यात पडतेस, असे एका मैत्रिणीने मला विचारले. तिचे म्हणणे वरवर बरोबर आहे. माझे विषय मराठी आणि इतिहास. मी डॉक्टर नाही, होणारही नाही. परंतु खाज ही शाखा पाहून येत नाही. शिवाय हे रोग मी पुस्तकाआधी घरात पाहिले आहेत. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने कोपीत राहायचे, पहाटे फडात उतरायचे, अंगावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, घामाने भिजलेले कपडे दिवसभर तसेच, आणि आंघोळीचे पाणी मिळेल तेव्हा मिळेल. एका कोपीत माणसे पाच आणि गोधड्या दोन. अशा ठिकाणी एकाला सुटलेली खाज दुसऱ्याला सुटायला किती वेळ लागतो? आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा जे वाचून आणि आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टर मॅडमना विचारून कळले, ते इथे मांडण्याचा माझा अधिकार आहे असे मी समजते.

प्रथम खरजेबद्दल. खरूज ही घाणीची शिक्षा आहे असा आपला पक्का समज आहे. वास्तविक ती एका सूक्ष्म किड्याची करामत आहे. कोळ्याच्या गोत्रातला, आठ पायांचा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असा हा जीव. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा कोरते आणि त्यात अंडी घालते. इटलीतील बोनोमो नावाच्या वैद्याने 1687 साली एका पत्रात हे लिहून ठेवले आहे. म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर अवघ्या सात वर्षांनी. ज्या रोगाचे कारण इतक्या आधी नेमके कळले असे रोग फार थोडे असतील. तरीही आम्ही आजवर ‘आंघोळ करीत नसेल’ एवढेच म्हणत आलो! आंघोळ केल्याने हा किडा मरत नाही. स्वच्छ माणसालाही खरूज होते. ती पसरते ती अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेचा समावेश ‘दुर्लक्षित’ रोगांच्या यादीत केला. दुर्लक्षित हा शब्द मला फार नेमका वाटला.

ओळखायची कशी? खाज रात्री, अंथरुणात ऊब आली की वाढते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला बारीक पुरळ येतो. मोठ्या माणसाच्या तोंडावर तो बहुधा येत नाही. तान्ह्या मुलांच्या तळहातांवर व तळपायांवरही येतो. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे घरातले आणखी कुणी तरी खाजवत असते.

आता यातली खरी मेख ऐका. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर किडा अंगात शिरल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. एवढ्या काळात त्या माणसाला काहीच वाटत नाही, पण तो दुसऱ्याला खरूज देऊ शकतो. म्हणून जो खाजवतो आहे त्यालाच मलम लावून भागत नाही. घरातल्या किंवा खोलीतल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री औषध लावावे लागते. हे ज्यांना ठाऊक नाही ते म्हणतात, ‘औषधाला गुण नाही.’ गुण औषधाला असतो. तो एकट्याला दिल्यामुळे वाया जातो.

मागच्या वर्षी मी ज्या वसतिगृहात होते तिथे एका मुलीच्या हातांवर पुरळ उठला. तिला आधी कोठीच्या खोलीत वेगळे झोपवले. तिच्या सतरंजीला कुणी शिवेना, पाण्याच्या टाकीचा नळ ती सोडून गेली की मुली तो धुऊन मग पाणी घेत. शेवटी तिला घरी पाठवले. तिची चाचणी परीक्षा बुडाली. आणि महिन्याभरात त्याच खोलीतल्या दुसऱ्या दोघी खाजवू लागल्या. त्या तर आधीच लागण घेऊन बसल्या होत्या! मग तिला घालवून कोणाचे काय राखले? त्या खोलीतल्या सहाही जणींना त्याच रात्री परमेथ्रिनचे मलम दिले असते तर प्रश्न आठवड्यात मिटला असता. सरकारी दवाखान्यात विचारले तर तिथे यावर औषध देतात. पण विचारायला जायचे कोणी? विचारायला जाणे म्हणजे आपल्या वसतिगृहात खरूज आहे हे कबूल करणे.

लावण्याची रीतही सांगून ठेवते, कारण चुकते ते तिथेच. रात्री अंग कोरडे करून मानेपासून तळपायापर्यंत, सगळीकडे मलम लावायचे. जिथे खाजते तेवढ्याच जागी नव्हे. बोटांची बेचके, नखांखाली, बेंबी, पाठ, काही सोडायचे नाही. पाठीला दुसऱ्याची मदत घ्यावी. रात्री हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे. सकाळी आंघोळ करायची आणि त्याच दिवशी अंगावरचे, अंथरुणाचे कपडे कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात घालायचे. जी गोधडी धुता येत नाही ती प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावी. माणसाचे अंग मिळाले नाही तर किडा दोन-तीन दिवसांतच मरतो. आठ दिवसांनी हे सगळे पुन्हा एकदा. किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते, म्हणून घाबरून रोज मलम फासू नये. लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

गजकर्णाची गोष्ट मात्र वेगळी आणि अधिक गंभीर आहे. गजकर्ण ही बुरशी. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर येते तिचीच जणू एक बहीण. जांघेत, कमरेला, काखेत, जिथे घाम साचतो तिथे ती धरते. गोल चकंदळ उठते. त्याची कडा लाल, उंच, कोंडा सुटणारी आणि मधला भाग त्या मानाने बरा दिसतो. ही कडा हीच तिची सही. पूर्वी साधे मलम दोन-चार आठवडे लावले की ती जाई. आज जात नाही. का जात नाही, याचे उत्तर प्रत्येक गावातल्या औषधाच्या दुकानात मिळते.

दुकानदाराला ‘खाजेचे मलम द्या’ म्हटले की तो एक ट्यूब काढून देतो. तीत बुरशीचे औषध असते, जंतूंचे असते आणि त्याबरोबर स्टेरॉइड असते. स्टेरॉइड शरीराचा प्रतिकार दाबते. त्यामुळे दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि माणूस त्या दुकानदाराला दुवा देतो. पण बुरशी तिथेच असते. उलट तिला कुणी अडवणारे राहिलेले नसते. मलम बंद केले की ती दुप्पट जोराने उसळते. पुन्हा ट्यूब. पुन्हा तेच. काही महिन्यांनी ती ओळखीची कडा पुसली जाते आणि डॉक्टरलाही एका नजरेत रोग ओळखू येत नाही. ब्रिटनमधील दोन त्वचारोगतज्ज्ञांनी या वेषांतर केलेल्या गजकर्णाचे वर्णन 1968 सालीच केले होते आणि त्याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणजे ओळख लपवलेले गजकर्ण असे नाव दिले होते.

माझ्या आत्याने अशी ट्यूब आठ महिने वापरली. तिला जांघेत झाले होते. पुरुष डॉक्टरला दाखवायचे कसे, म्हणून ती दवाखान्यात गेली नाही. बाजाराच्या दिवशी दुकानात जाऊन, आजूबाजूला कुणी नाही असे पाहून, हळू आवाजात मागायची. शेवटी गजकर्ण कमरेवरून पाठीवर आले, आणि मांडीच्या सांध्यात कातडी इतकी पातळ झाली की बाळंतपणात पोटावर पडतात तशा लांबलचक चिरा पडल्या. गजकर्ण पुढे गोळ्यांनी बरे झाले, त्याला चार महिने लागले. चिरा तशाच राहिल्या. त्या जात नाहीत.

ट्यूबच्या खोक्यावर इशारा छापलेला असतो की हे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावे. 2018 साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एच या यादीत घातली. म्हणजे कायदा आहे. पण तो इशारा असतो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. माझ्या आत्याला मराठीही जेमतेम जोडाक्षरे सोडून वाचता येते. ज्याने वाचायचे त्याला कळू नये अशा भाषेत इशारा छापायचा आणि नंतर ‘लोक अडाणी आहेत, मनाने औषधे घेतात’ असे म्हणायचे, हा कोणता न्याय? आपण कला शाखेचे विद्यार्थी भाषेच्या प्रश्नावर परिसंवाद घेतो. औषधाच्या खोक्यावरची भाषा हाही भाषेचाच प्रश्न आहे असे माझे नम्र मत आहे.

तोपर्यंत आपल्यापैकी ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी घरातली ट्यूब उलटी करून पाहावी. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टेरॉइड. त्यातले क्लोबेटासोल तर सर्वांत जहाल गटातले. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर माझा लेख वाचून कुणी चालू औषध फेकून देईल. स्टेरॉइड हे विष नव्हे. इसबावर, सोरायसिसवर डॉक्टर ते विचार करून, ठरावीक दिवसांसाठी देतात आणि त्याने माणसे सुखाने जगतात. गजकर्णावर मात्र ते आगीत तेल आहे.

या सगळ्याचा परिणाम आता गावापुरता उरलेला नाही. टर्बिनाफिन हे गजकर्णाचे हुकमी औषध. त्याला दाद न देणारी बुरशी आपल्या देशात फैलावली. 2020 साली जपानी संशोधकांनी तिला स्वतंत्र नाव दिले, त्यात ‘इंडोटिनी’ असा शब्द आहे. त्यात आपल्या देशाचे नाव आहे हे वेगळे सांगायला नको. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये या बुरशीचे दोन रुग्ण सापडल्याची तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने नोंद केली. आपल्या देशाचे नाव जगात व्हावे अशी माझीही इच्छा आहे, पण ती अशी नव्हे.

दुकानदारावर सगळा दोष टाकून मी मोकळी होणार नाही. तालुक्याच्या गावी त्वचेचे डॉक्टर आठवड्यातून एक दिवस येतात. त्यांची फी, एसटीचे भाडे आणि वर बुडालेली मजुरी. ऊसतोडीच्या हंगामात तर मजुरी बुडते एवढेच नव्हे, मुकादम खाडा लावतो, उलट पैसे कापतो. अशा माणसाला ‘आधी तज्ज्ञांना दाखवा’ हा उपदेश करणे सोपे आहे. तो दुकानात जातो कारण दुकान संध्याकाळी सातलाही उघडे असते आणि कोण, कुठे, कपडा वर करा, असे काही विचारत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रकार चालतो. वांगावर डॉक्टर काही आठवडे देतात ते तीन औषधांचे मिश्रण, ज्यात स्टेरॉइडही असते, ते ‘गोरे होण्याचे क्रीम’ म्हणून हातोहात फिरते. बघण्याचा कार्यक्रम ठरला की महिनाभर आधी ते सुरू होते. चेहरा सुरुवातीला खरेच उजळ दिसतो. पुढे उन्हात गेले की आग होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमे उठतात, काहींना गालावर लव वाढते. आणि सोडावे तर चेहरा जास्तच भडकतो. दाखवण्यासाठी लावलेल्या मलमाने चेहरा लपवण्याची पाळी येते. सावळ्या रंगाला रोग समजून त्यावर उपचार करणारा समाज खऱ्या रोगावर उपचार करायला लाजतो, याला काय म्हणावे?

नागिणीविषयी थोडक्यात. कमरेला किंवा छातीला एकाच बाजूने पट्ट्यासारखे पाणीदार फोड येतात, विलक्षण आग होते. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो, असे आमच्याकडे ठामपणे सांगतात आणि ती उतरवून घेण्यासाठी जाणत्याकडे नेतात. हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि पुढे कधी तरी एका तंतूच्या वाटेने बाहेर पडतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला असल्यामुळे फोडही सहसा मधली रेषा ओलांडत नाहीत. तोंड-शेपूट एकत्र येत नाही ते मंत्रामुळे नव्हे. मंत्राने नुकसान होते ते वेळेचे. फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर उपयोग अधिक. कपाळावर, डोळ्याजवळ फोड आले असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, डोळा जाऊ शकतो.

आणि शेवटी पांढरे डाग. मराठी भाषेने इथे फार अन्याय केला आहे असे मला वाटते. कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणायचे आणि त्या एका शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधून टाकायच्या! कोडात कातडीला रंग देणाऱ्या पेशी शरीराकडूनच नष्ट होतात. डाग खडूसारखा पांढरा, पण स्पर्श शाबूत. तो कुणालाही लागत नाही. ताटातून नाही, हातातून नाही, लग्नातून नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा 2006 चा चित्रपट कोड असलेल्या मुलीवर आहे. आपल्या चित्रपट मंडळाने तो जरूर दाखवावा. कुष्ठरोगाचा चट्टा वेगळा. तो पांढराशुभ्र नसतो, फिकट किंवा लालसर असतो, आणि मुख्य म्हणजे तिथे बहुधा स्पर्श कळत नाही. डोळे मिटून कापसाचा बोळा फिरवला तर समजत नाही. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस दाखवत नाही, आणि हीच त्यातली फसगत आहे. शिबे आणखी निराळी. ती छातीवर-पाठीवर येतात, खरवडले की बारीक कोंडा निघतो आणि साध्या बुरशीच्या औषधाने जातात, मात्र मूळ रंग परत यायला काही महिने लागतात.

वरोऱ्याचे आनंदवन, अमरावतीचे तपोवन, वर्ध्याजवळचे दत्तपूर ही नावे आपण निबंधांत अभिमानाने लिहितो. बाबा आमटे, शिवाजीराव पटवर्धन, मनोहर दिवाण यांनी हे काम उभे केले तेव्हा कुष्ठरोग्यांना घरातून हाकलले जात होते. आज रोग बरा करणारी औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने, फार तर बारा महिने. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळायला 2019 साल उजाडावे लागले. औषध पुढे गेले, आपण मागे राहिलो.

आता आपल्या महाविद्यालयाकडून माझ्या काही अपेक्षा आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. आपण सात दिवस गावाचे रस्ते झाडतो, परत आलो की ते पुन्हा पहिल्यासारखे होतात. त्यातला एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि आशाताईंना बोलावून चट्टे तपासण्यासाठी दिला तर? मुलींच्या वसतिगृहात महिन्यातून एकदा स्त्री डॉक्टर यावी. आणि कुणाला खरूज निघाली तर मुलीला घरी न पाठवता खोलीला औषध द्यावे.

आणखी एक मागणी आहे. ती संपादक मंडळ छापील की नाही, मला शंका आहे. वसतिगृहात मुली आपले आतले कपडे खोलीत, ओढणीखाली झाकून वाळत घालतात, कारण अंगणातल्या दोरीवर ते दिसता कामा नयेत. ऊन नाही, वारा नाही. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस ओलसर राहतात आणि सकाळी तसेच अंगात घालावे लागतात. जांघेतले गजकर्ण आणखी कशाने वाढते? यावर उपाय औषधाचा नाही, दोरीचा आहे. गच्चीला चांगले ऊन असते, पण तिला कुलूप आहे. रोज सकाळी दहा ते चार गच्ची उघडी ठेवावी, असा अर्ज आम्ही एकवीस जणींनी सह्या करून दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दिला आहे. अजून उत्तर आलेले नाही.